विमानतळांचा सार्वजनिक कारभार : भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ओळख

विमान प्रवास आता केवळ महानगरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा यांसारख्या शहरांतून विमाने ये-जा करतात. त्यांतून रुग्ण उपचारासाठी जातात, विद्यार्थी शिक्षणासाठी जातात, व्यापारी व कारखानदार कामानिमित्त जातात. तथापि विमानतळ कोणाच्या मालकीचा असतो, तो कोण चालवितो, त्याचा खर्च कसा भागतो आणि विमानतळाच्या आसपासच्या गावांवर कोणती बंधने येतात, याविषयीची माहिती सर्वसामान्य नागरिकांना क्वचितच असते.

रेल्वेचे रूळ, स्थानके आणि गाड्या या एकाच संस्थेच्या अखत्यारीत असतात. एस.टी.च्या बाबतीतही गाडी आणि स्थानक यांचा धनी बहुधा एकच असतो. विमान वाहतुकीचे तसे नाही. विमान एका कंपनीचे असते, विमानतळ दुसऱ्या संस्थेचा असतो आणि ज्या आकाशातून विमान जाते त्या आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण बहुतांशी तिसरीकडेच असते. आपल्या देशात यांपैकी दुसरे काम मोठ्या प्रमाणावर आणि तिसरे काम जवळजवळ सर्वत्र पार पाडणारी सार्वजनिक संस्था म्हणजे भारतीय विमानतळ प्राधिकरण होय. मोठ्या शहरांच्या विमानतळांवर मिळणाऱ्या उत्पन्नातून लहान गावांची धावपट्टी सुस्थितीत ठेवावयाची, हे या संस्थेच्या कारभाराचे प्रमुख सूत्र राहिले आहे. ते सूत्र आज कितपत टिकून आहे, हे समजून घेण्यासाठी या कारभाराची घडण पाहणे आवश्यक आहे.

प्राधिकरणाची स्थापना

जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईपर्यंत टपालाचे विमान आणले, ही घटना भारतीय नागरी विमान वाहतुकीचा आरंभ मानली जाते. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. विमानतळांचा कारभार मात्र त्या वेळी महामंडळांकडे न जाता केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडेच राहिला.

मोठी प्रवासी विमाने आल्यानंतर परदेशी वाहतुकीची गर्दी वाढू लागली. खात्याच्या नेहमीच्या पद्धतीने एवढा व्याप सांभाळणे अवघड होऊ लागले. म्हणून १९७१ च्या कायद्यान्वये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन करण्यात आले आणि १९७२ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमानतळ त्याच्याकडे सोपविण्यात आले. उरलेल्या देशांतर्गत विमानतळांसाठी १९८६ मध्ये राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. एकाकडे उत्पन्नाची मोठी केंद्रे आणि दुसऱ्याकडे मुख्यतः खर्चाची लहान ठिकाणे, अशी ही वाटणी होती. पुढे संसदेने १९९४ मध्ये नवा कायदा केला आणि १ एप्रिल १९९५ पासून दोन्ही संस्थांचे विलीनीकरण होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले.

हे प्राधिकरण कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी नव्हे. संसदेच्या कायद्याने निर्माण झालेले ते सार्वजनिक निगम असून संपूर्णतः केंद्र सरकारच्या मालकीचे आहे. त्याच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात आणि त्याचा वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवण्यात येतो. व्यापारी तत्त्वावर काम करावयाचे, पण लोकहिताकडे दुर्लक्ष करावयाचे नाही, अशी दुहेरी जबाबदारी त्याच्यावर आहे.

कोणाचे काम कोणते?

विमानतळावर अनेक खाती एकाच वेळी काम करीत असतात. त्यामुळे तक्रार कोणाकडे करावी, असा संभ्रम प्रवाशांना पडतो. कामाची विभागणी थोडक्यात पुढीलप्रमाणे आहे.

धावपट्टी, विमाने उभी करण्याची जागा, प्रवाशांची इमारत, दिवे, अग्निशमन दल व स्वच्छता ही विमानतळ चालविणाऱ्या संस्थेची जबाबदारी होय. तिकिटे, सामानाची पोचपावती, विमानाची वेळ व विमानातील सोयी हे विमान कंपनीचे काम आहे. विमानतळाला परवाना देणे, वैमानिकांना परवाने देणे आणि विमाने उड्डाणास योग्य आहेत किंवा नाहीत हे पाहणे, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अधिकार आहे. सुरक्षेचे नियम नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग ठरवितो. प्रत्यक्ष झडती व पहारा बहुतेक मोठ्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे असतो. डिसेंबर १९९९ मधील विमान अपहरणानंतर, म्हणजे २००० सालापासून, हे काम टप्प्याटप्प्याने या दलाकडे देण्यात आले. परदेशी प्रवाशांची पारपत्रे व सामान तपासणे हे केंद्र सरकारच्या संबंधित खात्यांचे काम आहे.

या सर्व व्यवस्थेचा मूळ आधार असलेला १९३४ चा विमान अधिनियम आता रद्द झाला असून त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ अंमलात आला आहे.

धावपट्टीची निगा

विमान उतरते त्या वेळी त्याच्या चाकांचे रबर घासून धावपट्टीला चिकटते. ते वेळोवेळी काढले नाही तर पावसाळ्यात धावपट्टी निसरडी होते. एखादा सुटा खडा किंवा पत्र्याचा तुकडा इंजिनात ओढला गेला तरी मोठी हानी होऊ शकते. म्हणून धावपट्टीची नियमितपणे पाहणी करण्यात येते. अग्निशमन दलाचा बंब धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचलाच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दिवसाकाठी दोनच विमाने येणाऱ्या विमानतळालाही हा दंडक लागू असतो. लहान विमानतळाचा खर्च प्रवाशांच्या संख्येइतका लहान का होत नाही, याचे उत्तर येथे सापडते.

शिक्षकांना वर्गात सांगता येतील अशा दोन गोष्टी येथे नमूद करणे योग्य ठरेल. धावपट्टीच्या टोकाशी रंगविलेला आकडा तिची चुंबकीय दिशा दर्शवितो. अंशांतील शेवटचे शून्य गाळून तो लिहितात. बेळगावच्या सांबरा विमानतळाची धावपट्टी एका टोकाला ०८ व दुसऱ्या टोकाला २६ अशी ओळखली जाते. म्हणजे एका बाजूने ती सुमारे ८० अंशांच्या व दुसऱ्या बाजूने सुमारे २६० अंशांच्या दिशेने जाते. दोन आकड्यांत १८ चा, म्हणजेच १८० अंशांचा फरक असणे स्वाभाविक आहे. दुसरी गोष्ट धावपट्टीच्या कडेला असलेल्या चार दिव्यांची. वैमानिकाला दोन पांढरे व दोन तांबडे दिवे दिसले, तर तो योग्य उतारावरून खाली येत आहे असे समजावे. चारही तांबडे दिसले, तर विमान फार खाली आले आहे आणि चारही पांढरे दिसले, तर ते फार उंच आहे.

आकाशाची राखण

प्राधिकरणाचे सर्वांत महत्त्वाचे, परंतु प्रवाशाच्या दृष्टीस न पडणारे काम म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण होय. भारतभूमीवरील आणि लगतच्या अरबी समुद्र, बंगालचा उपसागर व हिंदी महासागरावरील मिळून सुमारे २८ लाख चौरस सागरी मैल इतके आकाश प्राधिकरणाच्या देखरेखीखाली आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार मुख्य विभागांतून हे नियंत्रण करण्यात येते. भारतात न उतरता केवळ येथील आकाशातून जाणाऱ्या परदेशी विमानांनाही या सेवेचे शुल्क द्यावे लागते.

विमानतळ खाजगी कंपनीकडे गेला तरी आकाशाचे नियंत्रण तिच्याकडे जात नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हैदराबादजवळील शमशाबाद येथील विमानतळ आणि गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ खाजगी भागीदारीतून उभे राहिले. तेथेही नियंत्रण मनोऱ्यात प्राधिकरणाचेच कर्मचारी काम करतात. या नियंत्रकांना शिक्षण देण्यासाठी प्रयागराज, हैदराबाद व महाराष्ट्रातील गोंदिया येथे प्राधिकरणाची केंद्रे आहेत. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या सहकार्याने प्राधिकरणाने 'गगन' ही उपग्रहावर आधारित दिशादर्शन प्रणाली उभारली आहे. जेथे उतरण्यासाठी लागणारी महागडी भूस्थित यंत्रे बसविणे परवडत नाही, अशा लहान विमानतळांना या प्रणालीचा विशेष उपयोग होण्यासारखा आहे.

विमानतळांचे निरनिराळे प्रकार

देशातील सव्वाशेहून अधिक विमानतळांची व्यवस्था प्राधिकरणाकडे आहे. त्यांत प्रवासी विमाने नियमितपणे येतात असे विमानतळ आहेत, तसेच अद्याप वापरात न आलेलेही काही आहेत. मालकीच्या दृष्टीने त्यांचे प्रकार भिन्न आहेत.

बेळगाव, इंदूर व वडोदरा येथील विमानतळ प्राधिकरण स्वतः चालविते. सांबऱ्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये तयार झाली. इंदूरची जागा होळकर संस्थानाच्या काळात, १९३५ च्या सुमारास बिजासन टेकडीजवळ निवडण्यात आली होती व १९४८ मध्ये तेथून विमानसेवा सुरू झाली. देवी अहिल्याबाई होळकर यांचे नाव असलेल्या या विमानतळावरून २०१९ मध्ये दुबईला पहिले आंतरराष्ट्रीय विमान गेले. वडोदऱ्याच्या हरणी विमानतळावर २०१६ मध्ये, तर बेळगाव येथे २०१७ मध्ये नव्या इमारती खुल्या झाल्या.

दुसरा प्रकार लष्करी तळावरील नागरी विभागाचा. ग्वाल्हेरची धावपट्टी भारतीय हवाई दलाची आहे. गोव्यातील दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज राजवटीत १९५० च्या दशकात बांधली गेली व १९६१ मधील गोवा मुक्तीनंतर ती भारतीय नौदलाकडे आली. अशा ठिकाणी धावपट्टी व मनोरा लष्कराच्या हाती असतो आणि प्राधिकरण प्रवाशांची इमारत व विमाने उभी करण्याची जागा सांभाळते. त्यामुळे देशाचे संरक्षण आणि नागरी वाहतूक यांना एकाच धावपट्टीची वाटणी करून घ्यावी लागते. दाबोळी येथे अनेक वर्षे कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत. गोव्यात दुसरा विमानतळ हवा, या मागणीमागील हे एक कारण होते. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथून प्रवासी विमाने सुटू लागली.

तिसरा प्रकार राज्य सरकारांच्या किंवा संयुक्त कंपन्यांच्या विमानतळांचा आहे. शिर्डीचा विमानतळ महाराष्ट्र शासनाच्या विमानतळ विकास कंपनीने उभारला आहे, तर केरळातील कोची येथे राज्य सरकारचा मोठा वाटा असलेली कंपनी विमानतळ चालविते.

उत्पन्न आणि खर्च

विमानतळाचे उत्पन्न दोन प्रकारचे असते. विमान उतरण्याचे, उभे राहण्याचे व दिशादर्शनाचे शुल्क आणि तिकिटाबरोबर प्रवाशाकडून घेतले जाणारे विमानतळ वापराचे शुल्क हा पहिला प्रकार होय. दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती, वाहनतळ व जागेची भाडी हा दुसरा. मोठ्या विमानतळांवरील शुल्काचे दर २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले स्वतंत्र आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते.

ज्या विमानतळावर लाखो प्रवासी येतात तेथे दोन्ही प्रकारचे उत्पन्न वाढते. जेथे दिवसाला शंभर-दीडशे प्रवासी येतात तेथे दुकानही चालत नाही आणि शुल्कही पुरेसे जमत नाही. परंतु अग्निशमन दल, दिवे, पहारा व धावपट्टीची निगा यांचा खर्च टळत नाही. प्राधिकरणाचे बहुसंख्य विमानतळ तोट्यात चालतात, ही गोष्ट संसदेत वेळोवेळी दिलेल्या माहितीवरून स्पष्ट झाली आहे. तरीही एकंदर संस्था सर्वसाधारणपणे नफ्यात राहते, कारण थोड्या मोठ्या विमानतळांची शिल्लक आणि आकाश नियंत्रणाचे शुल्क यांतून लहानांची तूट भरून निघते. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ शिकणाऱ्या भावंडांचा भार उचलतो, तसाच हा प्रकार आहे. कोविड साथीमुळे वाहतूक थंडावली तेव्हा, २०२०-२१ मध्ये, मात्र प्राधिकरणाला तोटा सोसावा लागला.

खाजगी भागीदारी आणि त्यापुढील प्रश्न

मुंबई व दिल्ली येथील वाढत्या गर्दीसाठी फार मोठ्या भांडवलाची गरज निर्माण झाली, तेव्हा २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची तरतूद करण्यात आली. त्यानुसार २००६ मध्ये हे दोन्ही विमानतळ संयुक्त कंपन्यांकडे सोपविले गेले. त्या कंपन्यांत प्राधिकरणाने २६ टक्के भाग स्वतःकडे ठेवला. याखेरीज उत्पन्नाचा ठराविक हिस्सा, दिल्लीच्या बाबतीत ४५.९९ टक्के व मुंबईच्या बाबतीत ३८.७ टक्के, प्राधिकरणाला देण्याचे ठरले. मार्च २००८ मध्ये शमशाबादचा विमानतळ सुरू झाल्यावर हैदराबाद येथील बेगमपेठची प्रवासी वाहतूक बंद झाली. नव्या कंपनीत प्राधिकरण व राज्य सरकार यांना प्रत्येकी १३ टक्के भाग मिळाला होता.

२०१९ मध्ये अहमदाबाद, लखनौ, जयपूर, मंगळूर, गुवाहाटी व तिरुवनंतपुरम हे सहा विमानतळ पन्नास वर्षांच्या कराराने देण्यासाठी आलेल्या निविदा उघडण्यात आल्या आणि २०२० व २०२१ मध्ये ते हस्तांतरित झाले. या वेळी उत्पन्नाच्या टक्केवारीऐवजी दर प्रवाशामागे ठराविक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. अहमदाबादसाठी ही रक्कम १७७ रुपये, तर मंगळूरसाठी ११५ रुपये अशी निश्चित झाली.

या धोरणाविषयी दोन मते आहेत. सरकारी तिजोरीवर भार न पडता आधुनिक इमारती व धावपट्ट्या उभ्या राहतात आणि मिळणारा पैसा प्राधिकरणाला लहान विमानतळांसाठी वापरता येतो, असे एक मत आहे. कमावते विमानतळ एकामागून एक बाहेर गेल्यास सार्वजनिक संस्थेकडे तुटीचेच विमानतळ उरतील आणि पुढे त्यांचा भार कोण उचलणार, असे दुसरे मत आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. करारातून येणारी रक्कम प्रत्यक्षात कोठे खर्च होते, यावर निर्णय अवलंबून राहील. त्यामुळे प्राधिकरणाच्या हिशेबांवरील संसदेची व महालेखापरीक्षकांची देखरेख पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाची झाली आहे.

उडान योजनेचा अनुभव

लहान शहरे विमानमार्गाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' योजना जाहीर केली. तिची अंमलबजावणी प्राधिकरणाकडे आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गाबरोबर नांदेड-हैदराबाद मार्गाचाही आरंभ झाला. मराठवाडा आणि हैदराबाद यांचे जुने संबंध ध्यानात घेता ही निवड अर्थपूर्ण होती. जानेवारी २०२० मध्ये बेळगाव-इंदूर अशी थेट सेवाही या योजनेखाली सुरू झाली.

योजनेनुसार विमानातील काही जागांचे भाडे मर्यादित ठेवण्यात येते. आरंभी सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी ही मर्यादा २,५०० रुपये होती. कंपनीला येणारी तूट तीन वर्षांपर्यंत एका निधीतून भरून देण्यात येते. हा निधी मुख्य मार्गांवरील विमानांवर आकारलेल्या शुल्कातून आणि राज्यांच्या वाट्यातून उभा राहतो. सर्वसाधारणपणे राज्याचा वाटा २० टक्के असतो. प्राधिकरण अशा विमानांना उतरण्याचे व उभे राहण्याचे शुल्क माफ करते. येथेही मोठ्याने लहानाला हात देण्याचे तेच सूत्र आहे.

तथापि नुसता हात देऊन भागत नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतील ५४ मार्गच मदतीवाचून टिकले. धावपट्टी बांधणे सरकारच्या हाती आहे. विमान भरणे मात्र त्या परिसरातील उद्योग, बाजारपेठ व लोकांची ऐपत यांवर अवलंबून असते, हा यातील धडा होय.

विमानतळाशेजारील गावांनी काय लक्षात ठेवावे?

विमानतळाच्या कुंपणाबाहेरील गावांचा या कारभाराशी निकटचा संबंध येतो. विमानतळापासून सुमारे २० किलोमीटरच्या परिसरात इमारत, दूरध्वनीचा मनोरा, पाण्याची उंच टाकी किंवा धुराडे उभारताना त्याच्या उंचीवर मर्यादा असते. यासाठी विमानतळाचे रंगीत नकाशे तयार केलेले असून कोणत्या रंगाच्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्थेला स्वतः परवानगी देता येते, ते त्यांवर दाखविलेले असते. त्याहून अधिक उंचीसाठी प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. लष्करी विमानतळ असल्यास ते संबंधित सेनादलाकडून घ्यावे लागते. ग्रामपंचायतींनी व नगरपालिकांनी बांधकामाला मंजुरी देण्यापूर्वी हा नकाशा पाहणे आवश्यक आहे. घर बांधून झाल्यावर वरचा मजला उतरविण्याची वेळ येण्यापेक्षा आधी केलेली चौकशी केव्हाही स्वस्त पडते.

विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकण्यास व जनावरांची कत्तल करून अवशेष टाकण्यास विमान नियमांनी मनाई केली आहे. अशा ठिकाणी घारी, गिधाडे व कावळे जमतात. विमानाशी पक्षी आदळल्यास इंजिन बंद पडण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे उतरणाऱ्या विमानाच्या दिशेने लेसरचा प्रखर झोत सोडल्यास वैमानिकाचे डोळे दिपतात. लग्नसमारंभात व उत्सवात असे झोत वापरणाऱ्यांना याची जाणीव करून देणे हे शाळांचे व ग्रामपंचायतींचे काम आहे.

समारोप

विमानतळ ही केवळ श्रीमंतांच्या सोयीची वास्तू आहे, हा समज आता मागे पडला पाहिजे. दूरच्या रुग्णालयात पोचवावयाचा रुग्ण, पूर आला असता येणारी मदत आणि परगावी नोकरी करणारा मुलगा, या सर्वांची वाट त्याच धावपट्टीवरून जाते. ती धावपट्टी दिवसाला दोनच विमानांसाठी का होईना, सुरक्षित ठेवण्याचा खर्च एकट्या गावाला पेलणारा नाही. तो सर्व देशाने मिळून पेलला, म्हणूनच लहान शहरांना आकाशाची वाट खुली झाली. व्यवस्थापन सार्वजनिक संस्थेकडे असो वा भागीदारीत असो, ही सामायिक जबाबदारी अखंड राहते किंवा नाही, यावर नागरिकांनी व त्यांच्या प्रतिनिधींनी लक्ष ठेवले पाहिजे. तसेच कुंपणाबाहेरचे नियम पाळून आपला वाटाही उचलला पाहिजे.